चार इंची ग्राइंडर हातात घेण्याआधी

फॅब्रिकेशनच्या दुकानात लोखंड कापायचा-घासायचा हातातला ग्राइंडर असतोच. आता तो गोठ्याचं शेड उभारणाऱ्या शेतकऱ्याकडे असतो, घरची ग्रिल स्वतः दुरुस्त करणाऱ्याकडे असतो आणि गणपतीच्या मखरासाठी चौकोनी पाइप कापणाऱ्या मंडळाच्या पोरांकडेही असतो. दोन-तीन हजारांत मशीन मिळतं, सोबत चार-पाच कटिंग व्हील घेतली की काम सुरू. ते धरायचं कसं, हे मात्र बहुतेकांना कोणी शिकवलेलं नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी एक हिशेब मनात पक्का बसवा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या व्हीलची कडा त्या वेळी सेकंदाला साधारण ५८ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर धावत असते. व्हील फुटलं तर तुकडा त्याच वेगाने सुटतो. तो येताना दिसत नाही, त्यामुळे चुकवताही येत नाही. म्हणूनच ग्राइंडरचे अपघात टाळण्याचं जवळजवळ सगळं काम स्विच दाबायच्या आधी करावं लागतं: योग्य व्हील, जागेवर असलेला गार्ड, पक्का धरलेला जॉब, म्हणजे कापायची वस्तू, आणि स्वतःचं उभं राहणं.

गार्ड काढायचा नाही

नव्या मशीनच्या खोक्यात गार्ड, बाजूला लावायचं हँडल, फ्लँज म्हणजे व्हील जिच्यावर टेकतं ती चकती, नट आणि पाना येतो. दुकानांमधून फिरलात तर गार्ड काढून कोपऱ्यात टाकलेले, हँडलचा पत्ता नसलेले ग्राइंडर सर्रास दिसतील. "गार्डमुळे कापायची जागा दिसत नाही", "कोपऱ्यात मशीन जात नाही" ही कारणं सांगितली जातात. काम अडतं हे खरं आहे. पण फुटलेलं व्हील आणि तुमचा चेहरा यांच्यामध्ये ती एकच पोलादी भिंत असते. कोपऱ्यात मशीन जात नसेल तर तिथे कानस किंवा हॅक्सॉ वापरा. वेळ जास्त लागेल, लागू द्या.

गार्ड काढण्यामागे दुसरं एक कारण असतं, आणि ते जास्त घातक आहे. जास्त खोल कापता यावं म्हणून चार इंची मशीनवर पाच किंवा सात इंची व्हील लावलं जातं. चार इंची व्हीलचं भोक आपल्याकडे १६ मिलिमीटरचं असतं आणि मोठ्या व्हीलचं २२ मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे मध्ये काहीतरी जुगाड करून ते बसवतात. व्हील मध्यावर बसत नाही आणि थरथरतं. सात इंची व्हीलची वेगमर्यादा मिनिटाला साधारण ८,५०० फेऱ्यांची असते, मशीन ११,००० ने फिरवतं. ते व्हील फुटलं तर दोष व्हीलचा म्हणता येणार नाही.

लाकूड कापायचं दातेरी ब्लेडही ग्राइंडरवर लावू नका, अगदी ते बरोबर बसत असलं तरी. दात लाकडात अडकला की मशीन झटक्याने मागे उसळतं, आणि एका हातात धरलेलं असेल तर थेट मांडीवर किंवा मानेकडे येतं. लाकडासाठी सर्क्युलर सॉ वेगळा मिळतो. एरवी हातकरवत आहेच.

वीज

ग्राइंडरच्या नेमप्लेटवर एका चौकोनात दुसरा चौकोन काढलेला दिसला, तर ते मशीन डबल इन्सुलेटेड आहे. त्याला दोनच पिना असतात आणि अर्थिंगची गरज नसते. तीन पिना असतील तर अर्थिंग लागतंच. तिसरी पिन तोडून टाकू नका. प्लग काढून टाकून उघड्या तारा सॉकेटमध्ये खोचायच्या आणि काडेपेटीच्या काड्यांनी अडकवायच्या, ही पद्धत आजच बंद करा. प्लग काही रुपयांत मिळतो.

चार इंची मशीन साधारण ७०० ते ८५० वॅटचं असतं, म्हणजे २३० व्होल्टवर चार अँपिअरच्या आत. त्यासाठी दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचं एक्स्टेंशन घ्या. मोबाइल चार्जरसाठीचं बारीक वायरचं बोर्ड चालणार नाही. वायर गुंडाळीच्या रिळावर असेल तर ती पूर्ण सोडून घ्या, गुंडाळलेली वायर तापते. शेतावर लांबून वीज ओढली की व्होल्टेज पडतं, मशीन जोर धरत नाही आणि मोटर गरम होते. अशा वेळी दाबून काम करण्यापेक्षा जाड वायर घ्या.

ज्या लाइनवर मशीन चालवणार तिला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, असावा. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो. त्याच्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर, ओल्या हातांनी, पत्र्यावरून पाणी गळत असताना ग्राइंडर चालवू नका.

आपल्याकडे एक गोष्ट खास सांभाळावी लागते. बऱ्याच ग्राइंडरचा स्विच पुढे ढकलला की तिथेच अडकून राहतो. मध्येच लाइट गेली, मशीन थांबलं, तुम्ही ते खाली ठेवून चहाला गेलात आणि लाइट आली, तर ते आपोआप सुरू होऊन जमिनीवर नाचायला लागतं. लाइट गेली की पहिलं काम स्विच मागे घेणं, दुसरं काम प्लग काढणं. नवं मशीन घेत असाल तर दाबून धरेपर्यंतच चालणारा स्विच असलेलं घ्या, थोडं महाग असलं तरी.

अंगावर काय असावं, काय नसावं

डोळ्यांसाठी बाजूनेही बंद असलेला सुरक्षा गॉगल, आणि त्यावर पारदर्शक फेस शील्ड. नंबरचा चष्मा हा सुरक्षा चष्मा नव्हे, ठिणग्या त्याच्या कडेने आत जातात. उन्हाचा काळा गॉगलही नको. कानांसाठी इअरप्लग घ्या. ग्राइंडरचा आवाज ८५ डेसिबलच्या वर जातो आणि त्याने गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही. पायात बंद बूट. कपडे अंगासरशी आणि सुती. नायलॉनचा टी-शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो.

लोंबणारं काहीही नको: ओढणी, पदर, मफलर, लुंगी, गळ्यातली चेन, मनगटावरचा गंडा, मोकळे केस. ग्राइंडरसाठी हाताला घट्ट बसणारे चामड्याचे हातमोजे चालतात. विणलेले, सैल सुती मोजे नकोत, धागा फिरत्या भागात ओढला जातो. ड्रिल मशीनवर तर कुठलेच मोजे घालू नयेत: बिटला मोजा गुंडाळला गेला की बोट पिळवटून निघतं.

व्हील निवडणं आणि बसवणं

दुकानात दोन प्रकार मुख्य. एक ते सव्वा मिलिमीटर जाडीचं कटिंग व्हील फक्त कापण्यासाठी. सहा मिलिमीटर जाडीचं, मधे खोलगट असलेलं ग्राइंडिंग व्हील, ज्याला दुकानदार डीसी व्हील म्हणतात, ते घासण्यासाठी. कटिंग व्हीलच्या बाजूने कधीही घासू नका. त्याची ताकद कडेच्या दिशेने असते. आडवा दाब पडला की तडकतं. "एवढीशी कोर तर घासायची आहे, व्हील कशाला बदलायचं" म्हणून केलेली ही घाई फार महागात पडते. वेल्डचा फुगा उतरवायला डीसी व्हील, रंग द्यायच्या आधी गुळगुळीत करायला फ्लॅप डिस्क. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा तुमच्या गावच्या हार्डवेअरच्या दुकानात मागताना काय कापायचं आहे तेही सांगा: लोखंड, स्टेनलेस की दगड. लोखंडाच्या व्हीलने ॲल्युमिनिअम घासलं तर ते व्हीलमध्ये भरून बसतं आणि व्हील तापतं.

व्हीलवरचं लेबल वाचायची सवय लावा. त्यावर कमाल आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, छापलेला असतो, चार इंची व्हीलवर साधारण १५,२०० च्या आसपास. हा आकडा मशीनच्या नेमप्लेटवरच्या आरपीएमपेक्षा जास्तच असला पाहिजे. चांगल्या व्हीलच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. ती वापराची मुदत आहे, बनवल्यापासून साधारण तीन वर्षांची. व्हीलमधला रेझिनचा चिकटपणा काळाने आणि ओलीने कमी होतो. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावर राहिलेलं व्हील नवं दिसलं तरी वापरू नका. लेबल नसलेलं, आरपीएम न छापलेलं सुटं व्हील स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

आता बसवायचं कसं:

१. प्लग काढा. स्विच बंद असणं पुरेसं नाही, प्लग डोळ्यांसमोर बाहेर दिसला पाहिजे.

२. आतल्या फ्लँजवरची धूळ पुसा. त्यावर कण राहिला तर व्हील वाकडं बसतं.

३. व्हील उजेडात धरून कडा, मधलं भोक आणि दोन्ही बाजू पाहा. चीर, टवका, ओलीचा डाग दिसला तर बाद.

४. व्हील फ्लँजच्या उंचवट्यावर नीट बसवा. नटाची एक बाजू सपाट असते, दुसरीवर उंचवटा. पातळ आणि जाड व्हीलसाठी तो वेगवेगळ्या बाजूने लागतो. मशीनच्या पुस्तिकेत चित्र असतं, ते पाहून बसवा.

५. स्पिंडल लॉकचं, म्हणजे फिरता दांडा अडवून धरणारं, बटण दाबून पान्याने नट आवळा. हाताचा जोर पुरतो. छिन्नी-हातोडीने ठोकू नका, फिरताना नट आपणहून घट्ट होतो. आणि ते बटण मशीन पूर्ण थांबल्यावरच दाबायचं, नाहीतर गिअर तुटतो.

६. हाताने व्हील फिरवून बघा, गार्डला लागत नाही ना. गार्डची बंद बाजू तुमच्याकडे वळवा आणि लिव्हर किंवा स्क्रू आवळा.

७. मशीन तोंडापासून दूर, व्हीलच्या रेषेतून बाजूला धरून अर्धा ते एक मिनिट मोकळं चालवा. समोर कोणी उभं नको. थरथर जाणवली, विचित्र आवाज आला तर बंद करून व्हील काढा.

सदोष व्हील बहुतेक वेळा या पहिल्या मिनिटातच फुटतं. म्हणून ही पायरी कधीच गाळू नका, दिवसात दहा व्हील बदललीत तरी दहा वेळा करा. व्हील लावलेलं मशीन हातातून पडलं तर व्हील टाकून द्या, आणि टाकताना मोडून टाका, म्हणजे दुसरा कोणी उचलून लावणार नाही.

जागा आणि ठिणग्या

ठिणग्या म्हणजे लालभडक लोखंडाचे कण. वेल्डिंग आणि कटिंगच्या कामात ज्वालाग्राही वस्तू निदान ११ मीटर लांब ठेवाव्यात असा संकेत आहे. घरी एवढी जागा नसेल तर ठिणग्या कुठे पडतात ते आधी पाहा आणि तिथे पत्रा आडवा लावा. थिनर, रंगाचे डबे, गाडीची टाकी, गॅस सिलिंडर, कडबा, गोणपाट, भुसा यांच्या जवळ ग्राइंडर चालवायचाच नाही. गोठ्याशेजारी काम असेल तर आधी वैरण हलवा. पाण्याची बादली आणि वाळू हाताशी ठेवा. पण विजेच्या आगीवर पाणी टाकू नका, आधी मेन स्विच बंद. काम संपल्यावर किमान अर्धा तास तिथे लक्ष असू द्या. भुशात पडलेली ठिणगी आत धुमसत राहते आणि सगळे जेवायला गेल्यावर पेटते.

शेजारी उभी गाडी, खिडकीच्या काचा, नवी फरशी झाकून घ्या. ठिणगी काचेत रुतून बसते आणि डाग कशानेही निघत नाही. लहान मुलांना तिथून पूर्ण दूर ठेवा, त्यांना ठिणग्या पाहायला फार आवडतात.

कापताना

जॉब पायाने दाबून कापणं बंद. बाकावरचा व्हाइस नसेल तर दोन सी-क्लॅम्प घ्या. दोन्ही हात मशीनवर पाहिजेत, एक मागच्या बाजूला आणि एक बाजूच्या हँडलवर, आणि हे जॉब घट्ट धरलेला असेल तरच जमतं.

ग्राइंडरचा सर्वांत मोठा धोका म्हणजे झटका. व्हील कापलेल्या फटीत चिमटलं की ते थांबायला बघतं आणि मोटरचा सगळा जोर मशीनला उलट फेकण्यात जातो. चिमटण्याचं कारण बहुतेक वेळा आधाराचं असतं. पाइपची दोन्ही टोकं दोन विटांवर ठेवून मधे कापलं, तर कापत आल्यावर पाइप मधे खचतो आणि फट मिटून व्हील आत पकडलं जातं. त्यामुळे पाइप व्हाइसमध्ये धरा, कापायचा भाग बाहेर मोकळा ठेवा, म्हणजे तुकडा खाली पडताना फट उघडत जाईल. मोठा पत्रा असेल तर कापाच्या रेषेजवळ दोन्ही बाजूंना आधार द्या.

खडूने रेष आखा. मशीन सुरू करून पूर्ण वेग येऊ द्या, मग व्हील जॉबला लावा. जॉबला टेकवलेलं असताना स्विच दाबू नका. व्हील रेषेला काटकोनात. मशीनच्या डोक्यावर फिरण्याचा बाण असतो, तो पाहा: ज्या दिशेने सरकवताना मशीन आपणहून पळायला बघतं ती दिशा चुकीची, हलका रेटा द्यावा लागतो ती बरोबर. एकदम आरपार घुसवू नका, रेषेवरून दोन-तीनदा हलके फिरवत खोल जा. फटीत असताना मशीन पिळून वळवू नका. वळणदार कापासाठी कटिंग व्हील नसतंच. आवाज जड झाला, वेग उतरला, तर दाब जास्त होतोय.

स्वतः व्हीलच्या रेषेत उभे राहू नका, थोडं डाव्या किंवा उजव्या अंगाला राहा. झटका आला तर मशीन त्या रेषेतच येतं. डोक्याच्या वर किंवा शिडीवर चढून कापायचं काम नवख्याने घेऊ नये, ते जाणत्या फॅब्रिकेटरला द्या. बंद पिंप, जुना पेट्रोलचा डबा, रिकामा सिलिंडर यांना ग्राइंडर लावू नका. रिकाम्या दिसणाऱ्या पिंपातली वाफ स्फोटाला पुरते.

घासताना

डीसी व्हील पृष्ठभागाशी १५ ते ३० अंशांत धरा आणि पुढे-मागे फिरवत राहा. एकाच जागी थांबलात तर खळगा पडतो. मशीनच्या वजनावर थोडाच दाब पुरतो.

विळा, कोयता, कुऱ्हाड यांना ग्राइंडरवर धार लावणारे बरेच आहेत. पातं निळं पडलं की समजा, साधारण ३०० अंश सेल्सिअसला गेलं. त्या जागेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं आणि धार टिकणार नाही. फ्लॅप डिस्कने, दोन-तीन सेकंद टेकवून, मधून पाण्यात बुडवत करा. शेवटचा हात दगडावरच मारलेला बरा.

जुन्या ग्रिलचा रंग घासून काढताना मास्क हवाच. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं बरंच असू शकतं. घरात लहान मूल किंवा गर्भवती असेल तर हे काम बाहेर, मोकळ्यावर करा आणि धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्या.

फरशी, ग्रॅनाइट, काँक्रीट कापताना उडणारी पांढरी धूळ त्याहून वाईट. तिच्यातले सिलिकाचे कण फुप्फुसात कायमचे बसतात. सिलिकोसिस बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत. एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क, नाकावर पट्टी दाबून बसवलेला. पाणी सोडत कापणं उत्तम, पण त्यासाठीच बनवलेल्या मार्बल कटरने. साध्या ग्राइंडरवर पाणी ओतू नका. कापून झाल्यावर केरसुणीने झाडू नका, पाणी शिंपडून गोळा करा.

देखभाल

रोजचं काम दोन मिनिटांचं आहे. जड काम झाल्यावर मशीन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट मोकळं चालवा, आतला पंखा मोटर थंड करतो. मग प्लग काढून हवेच्या झरोक्यांतली धूळ ब्लोअरने उडवा, गॉगल घालूनच. लोखंडाची धूळ वीज वाहून नेते. आत साठली की मोटर जळते आणि बॉडीला शॉकही येऊ शकतो. वायर मशीनमध्ये शिरते तिथली रबरी नळी पाहा. वायर तिथेच आतून तुटते. चिकटपट्टी लावून भागवू नका, वायर बदला. मशीन वायरला धरून उचलू नका, लटकवू नका.

झरोक्यातून ठिणग्या जास्त दिसायला लागल्या, मशीन मधेच थांबून हलवल्यावर चालू झालं, तर कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे, संपत आले. बाहेरून झाकण असेल तर ते स्वतः बदलता येतात. पाच-सहा मिलिमीटर उरले की बदला, दोन्ही एकदमच, त्याच मॉडेलचे. जुना कार्बन नमुना म्हणून दुकानात न्या. होल्डरमध्ये तो अडखळत नाही, सहज सरकतो, हे पाहा. बदलल्यावर काही मिनिटं मशीन बिनभाराचं चालवा. नवे कार्बन घालूनही ते जिथे टेकतात त्या कॉम्युटेटरभोवती आगीची पूर्ण कडी दिसत असेल तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, गेलं, ते काम रिवाइंडिंगवाल्याचं.

कर्रकर्र आवाज बेअरिंगचा, डोक्याकडचा भाग हात लावू नये इतका तापला तर गिअरमधलं ग्रीस संपलं किंवा वाळलं. ग्रीस भरताना डबी ठासून भरू नका, जास्त ग्रीसही तापतं आणि गळून मोटरमध्ये जातं. रोज वापर असेल तर वर्षातून एकदा मशीन उघडून घ्यावं, पावसाळा संपल्यावर. ठेवताना व्हील काढून ठेवा, व्हील आडवी, सपाट, कोरड्या डब्यात.

इजा झालीच तर

कापलं तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर उचला आणि १०८ ला फोन करा. हळद, चहापूड, माती जखमेत घालू नका. बोट तुटलं असेल तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी मरतात आणि ते जोडता येत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा.

डोळ्यात कण गेला तर चोळू नका. दुकानात काडीच्या टोकाने, रुमालाच्या कोपऱ्याने कण काढून देणारे असतात, त्यांच्याकडून काढून घेऊ नका. स्वच्छ पाण्याने धुवा आणि निघाला नाही, किंवा निघाल्यावरही खुपत राहिलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. लोखंडाचा कण बुबुळावर काही तासांतच गंज धरतो आणि उशिरा गेलात तर कणासोबत गंजाची कडीही खरवडावी लागते. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर डोळ्यात कण गेला होता हे तंत्रज्ञाला आवर्जून सांगा. आत राहिलेला बारीक लोखंडाचा कण त्या मशीनच्या चुंबकाने हलतो आणि डोळा निकामी होऊ शकतो. सांगितलंत तर ते आधी एक्स-रे काढून खात्री करून घेतात.